उतरण्याचं सुख

मी गाडी बोलतेय. कुठल्या कंपनीची ते लगेच सांगत नाही, कारण ते ऐकलं की लोकांचा सूर बदलतो. आधी माझ्याकडे बघा. बुटकी, रुंद, गडद हिरवी, नाक जमिनीला टेकल्यासारखं. उभी असले तरी आत्ताच कुठून तरी धावत आलेय असं वाटतं. बघितलंत? आता सांगते. मी हानगिलची.

हो, तीच हानगिल. ज्यांचे निळे टेम्पो देगू शहराच्या बाजारात कोबी उतरवतात, ज्यांच्या टॅक्सीत बसून तुम्ही स्टेशन गाठता, त्यांचीच मी लेक.

माझा जन्म समुद्राकाठच्या कारखान्यात झाला. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये ते निळे टेम्पो तयार होत होते. आम्ही सख्खी भावंडं, पण मला वाढवलं वेगळं. माझ्यासाठी कंपनीने परदेशातून एक म्हातारा इंजिनिअर आणला होता. तो मला डोंगरातल्या वळणांवर पळवायचा, खाली उतरून चाकांना हात लावायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं." एक दिवस तो उतरला आणि काहीच न बोलता जेवायला गेला. त्या दिवशी मी तयार झाले.

मोठ्या नावाच्या जर्मन गाड्यांशेजारी मला धावायला लावलं होतं. पळण्यात, वळण्यात, थांबण्यात मी मागे पडले नाही. बढाई मारत नाही, झालं ते सांगतेय.

मग बारशाची वेळ आली. कंपनीतल्या मोठ्या लोकांनी ठरवलं की नाकावर हानगिलचा बिल्ला लावायचा नाही. नाव वाचलं की गिऱ्हाईक पळेल. म्हणून त्यांनी एक नवाच बिल्ला घडवला, थोडा पंखासारखा, थोडा कुठल्याशा अक्षरासारखा. त्याचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. माझ्या माहेरच्यांनीच माझं आडनाव लपवलं.

शोरूममध्ये माणसं यायची, बसायची, दारं उघडून लावून आवाज ऐकायची. "बसायला झकास आहे हो!" म्हणायची. मग किंमत ऐकायची आणि दार लावून चालती व्हायची. एक गृहस्थ तर आपल्या मित्राला माझ्यासमोरच म्हणाला, "सगळं आहे रे हिच्यात, पण हाचागाम नाही."

हा आमच्याकडचा शब्द. गाडीत बसल्यावर जे सुख मिळतं त्याला एक शब्द आहेच, पण लोकांनी त्याच्या जोडीला हा दुसरा काढला. हाचागाम म्हणजे उतरण्याचं सुख. हॉटेलच्या दारात गाडी थांबली, तुम्ही पाय खाली ठेवलात, की चार माना वळल्या पाहिजेत. ते सुख गाडीच्या यंत्रात नसतं, बिल्ल्यात असतं. तो म्हातारा इंजिनिअर ते मला कुठून देणार?

मग तक सांगग्यू नावाचे एक गृहस्थ आले, बायकोबरोबर. त्यांचा चष्म्याच्या फ्रेमा करायचा लहानसा कारखाना होता. देगूत असे खूप आहेत. त्यांच्या फ्रेमांवर इटलीतल्या एका कंपनीचं नाव ठोकलं जायचं आणि मग त्या मोठ्या दुकानांच्या काचेत बसायच्या. बायको, नो बुनही, फ्रेमा तपासून डब्यांत भरायची. तक तिला नावाने हाक मारत नसत. मुलीचं नाव दाउन, म्हणून ती दाउनची आई.

तक माझ्यात बसले आणि स्टिअरिंगवरून हात फिरवू लागले. बुनही मात्र माझ्या तोंडासमोर उभी.

"अहो साहेब," तिने विक्रेत्याला विचारलं, "हे काय चिकटवलंय हिच्या नाकावर?"

"ते खास या गाडीसाठीच बनवलंय, बाई. पाहणाऱ्याला चटकन कंपनी कळत नाही."

"का, कंपनीने काही चोरलंय का?"

ती तक यांच्या खिडकीशी आली. "आवडली ना? मग घ्या. आयुष्यभर आपला माल इटलीच्या नावाने गेला. आता ही पण तोंड लपवून फिरणार म्हणे. बघते मी तिच्याकडे."

आणि तिने खरंच बघितलं. मी घरी आले त्या दिवशी कारखान्याच्या अंगणात आमच्याकडच्या रीतीने नव्या गाडीची पूजा झाली. पाटावर डुकराचं मुंडकं, चारी चाकांवर तांदळाची दारू, डिकीत अपघात टळावा म्हणून पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला सुका मासा. तो मासा अजून आहे. पूजा आटोपल्यावर बुनहीने कोपऱ्यात भंगाराची वाट बघत उभ्या असलेल्या जुन्या निळ्या टेम्पोचा बिल्ला स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला. एका टोकाला टवका गेलेला, अस्सल हानगिलचा. माझा पंखवाला बिल्ला काढून तिने तो तिथे चिकटवला. जरा वाकडाच.

"दाउनची आई, वाकडा बसलाय," तक म्हणाले.

"तुम्ही पण जरा वाकडेच आहात. चाललंच ना इतकी वर्षं?"

कारखान्यातल्या बायका हसल्या. मला आडनाव मिळालं.

त्यानंतर हॉटेलांच्या दारात माझं काय होतं ते मी शिकले. आमच्याकडे गाड्या लावणारा माणूस परदेशी गाड्या दर्शनी भागात मांडतो आणि बाकीच्या तळघरात नेतो. मला लांबून बघून तो धावत यायचा, जवळ आल्यावर बिल्ला वाचायचा आणि मुकाट्याने तळघराचा उतार धरायचा. बुनहीला त्याची फार गंमत वाटायची. "बघा बघा, चेहरा कसा पडला त्याचा!"

रविवारी आम्ही पालगोंगच्या डोंगरात जायचो. तक वळणांवर मला मोकळं सोडायचे. बुनही कडीला लटकून ओरडायची, "अहो, सुनेचं तोंड बघायचंय मला!"

"आपल्याला मुलगा नाही."

"मग जावयाचं! सावकाश!"

पुढे रस्ता बदलला. डोंगराऐवजी राजधानी सोलचा महामार्ग, तिथलं मोठं हॉस्पिटल. तक यांनी मला हळू चालवायला घेतलं. ब्रेक लागलेला बुनहीला कळू नये, खड्ड्याचा हिसका पोटात जाऊ नये, असं. वाटेतल्या थांब्यावर ते तिच्यासाठी अक्रोड भरलेले गरम गोड गोळे घ्यायचे. ती एक हातात धरून ठेवायची, ऊब येते म्हणून. खायची नाही. हॉस्पिटलची पिशवी तिच्या सीटमागे खाली असायची, म्हणून सीट पुढे ओढलेली आणि पाठ मागे टेकवलेली. त्या इंजिनिअरने मला इतकं काही शिकवलं, पण झोपलेल्या माणसाला न उठवता घरी आणणं मी तक यांच्याकडून शिकले.

एका शरद ऋतूत मी दोघांना घेऊन गेले आणि एकट्याला घेऊन परतले.

त्यानंतर त्या सीटला कुणी हात लावला नाही. दाउन बसली तर मागे बसायची. तक मागच्या बाजूने येऊन दार उघडायचे. माझ्या तोंडाकडे जायचेच नाहीत. मी बरेच दिवस शेडमध्ये उभी असायचे. मधल्या काळात कंपनीने माझ्यासारख्या गाड्या बनवणंही थांबवलं. फारशा खपल्या नव्हत्या. चांगल्या असून का खपल्या नाहीत यावर लोकांनी पुष्कळ लिहिलं म्हणे.

मग दाउनचं लग्न ठरलं. मुलगा सोलचा, आडनाव बान. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची पहिली भेट सुसोंग तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात व्हायची होती. आमच्याकडे ही भेट नाजूक. तिथे कुणाचं काही खटकलं तर ठरलेलं लग्न मोडतं.

बुनहीचा धाकटा भाऊ ब्योंगतेक सकाळीच आला. कुणाचं काही अडलं की न बोलावता येणारा माणूस. तक आत कपडे करत होते.

"मामा, त्याच्या आईने फोनवर विचारलं," दाउन हळू आवाजात म्हणाली, "बाबा काय चालवतात म्हणून. त्यांच्याकडे ती मोठी जर्मन गाडी आहे."

"मग? दाजींना म्हटलं, माझ्या मित्राची गाडी आणतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी चहासुद्धा मागितला नाही."

"आईच्या जागी आधीच रिकामी खुर्ची असणार, मामा. त्यात आणखी काही कमी दिसायला नको."

ब्योंगतेक माझ्यासमोर उकिडवा बसला. "त्या पंखाचं काय झालं? कंपनीने दिलेला?"

तो डिकीत होता, माशाशेजारी. बुनहीने ठेवलेला. ब्योंगतेकने धाग्याने घासून टेम्पोचा बिल्ला सोडवला आणि पंख लावला. "ताई असती तर मला याच धाग्याने फाशी दिली असती," तो म्हणाला. दाउन हसली नाही. तिने तो टवका गेलेला बिल्ला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

हॉटेलाच्या दारात गाड्या लावणारा माणूस धावत आला. माझ्या तोंडाकडे बघून अदबीने वाकला आणि मला अगदी पुढे, दोन जर्मन गाड्यांच्या मधोमध उभं केलं. येणारे-जाणारे मान वळवून बघत होते. मला वाटलं होतं, फार काही तरी वाटेल. ऊन होतं. देगूचं ऊन तुम्हाला माहीत आहे. टप तापत होता आणि मला सारखा त्या तळघराचा गारवा आठवत होता.

जेवण आटोपून सगळे बाहेर आले. मुलाचे वडील, बान साहेब, उंच आणि मोठ्या आवाजाचे. ते थेट माझ्याकडे आले.

"वा! व्याहीबुवा, ही तुमची? कुठल्या देशाची म्हणायची?"

तक गोंधळले. मला नेहमी तळघरातून आणावं लागायचं. ते फिरून माझ्या तोंडासमोर आले, कितीतरी दिवसांनी. पंख बघितला. त्याच्या कडेने जुन्या डिंकाचा वाकडा डाग राहिला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

दाउनचा श्वास मला ऐकू येत होता.

"आपल्याच देशाची," तक म्हणाले. "हानगिल. टेम्पोवाले. हिच्या नाकावर टेम्पोचाच बिल्ला होता, दाउनच्या आईने लावलेला. तो... पडला वाटतं कुठे तरी."

त्यांना कळलं होतं. डिंक धाग्याने कापलेला होता. आयुष्य बारीक कामात गेलेल्या माणसाला ते दिसणारच. तरी ते म्हणाले, पडला.

मग दाउनने पर्स उघडली.

"पडला नाही, बाबा. मी काढायला लावला." तिने रुमाल सोडला. "आई नाही, निदान गाडी तरी... म्हणून. चुकलं माझं."

मुलाच्या आईने वाकून तो बिल्ला बघितला. "टवका गेलाय की हो."

"टेम्पो एकदा फ्रेमांच्या खोक्यांसकट खांबावर गेला होता," तक म्हणाले. "ती चालवत होती. कबूल कधी केलं नाही."

बान साहेब मोठ्यांदा हसले, मग बायकोकडे बघून म्हणाले, "आणि तू फोनवर गाडीची चौकशी करत होतीस! सांग ना यांना, आपली कुठे आहे ते." ती नवऱ्याकडे रागाने बघत राहिली, म्हणून त्यांनीच सांगितलं. "गॅरेजला. सुटा भाग जर्मनीहून यायचाय, तो येतोच आहे. आम्ही रेल्वेने आलो आणि स्टेशनवरून टॅक्सीने. हानगिलच्या!"

"पण त्या टॅक्सीत गारवा चांगला होता," मुलाची आई गंभीरपणे म्हणाली. मग दाउनच्या हातातला बिल्ला स्वतःच्या रुमालाने पुसून तिने तिला परत दिला. "जपून ठेव हो. आईच्या हाताचं आहे."

परत निघताना दाउन मागचं दार उघडू लागली. थांबली. मग पुढे येऊन बसली. सीट तशीच होती, पुढे ओढलेली. तिचे गुडघे समोरच्या कप्प्याला टेकले. तशीच आखडून बसली.

तळं मागे पडलं, तशी तक यांनी एकदा तिच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"सीट मागे घे गं," मग ते म्हणाले. "तुझे पाय लांब आहेत."

तिने खालची कडी ओढली. खूप दिवसांनी सीट सरकताना थोडा आवाज झाला.

बिल्ला आता पुन्हा नाकावर आहे. दाउनने लावला. आईपेक्षाही वाकडा. माझे सुटे भाग मिळेनासे होत चाललेत आणि तक यांचे डोळेही पूर्वीसारखे नाहीत, म्हणून पालगोंगच्या वळणांवर आम्ही दोघं बेताने जातो.

माझ्यासारखी गाडी त्या मोठ्या नावांच्या तोडीची होऊ शकते का, असं अजून लोक विचारतात. रस्त्यावर, होय. हॉटेलच्या दारात, नाही. आणि ते एवढ्यात बदलेल असं मला वाटत नाही. माझी एवढीच विनंती आहे, की पुन्हा कुणी माझ्यासारखी घडवलीत तर तिचं आडनाव तिला द्या. गिऱ्हाईक पळेल, थोडे दिवस. पळू द्या.

कालच तक लेक-जावयाला घेऊन जेवायला गेले होते. गाड्या लावणारा धावत आला, नाक वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. जर्मन गाड्या दारात तापत होत्या. मी उतार उतरून तळघरात गेले. तिथे छान सावली असते.