तिसरा महिना

बॅग पट्ट्यावरून दुसऱ्यांदा समोरून गेली, तरी कमलाक्षीने ती उचलली नाही. तिसऱ्या फेरीला शेजारच्या माणसाने विचारले, "मावशी, ही तुमची का?" तेव्हा कुठे तिने मान हलवली. त्यानेच बॅग खाली उतरवून दिली.

बाहेर तिचा नवरा मधुकर उभा होता. त्याने लेकीची, जावयाची, प्रवासाची चौकशी केली. तिने फक्त सासूचे विचारले. बरी आहे, तो म्हणाला. पूर्वी दाबोळीच्या विमानतळावरून पार्से गाव गाठायला दोन-अडीच तास लागत. मोप्याला विमानतळ झाल्यापासून अर्ध्या तासात घर. साऱ्या गावाला त्याचे अप्रूप होते. तिला मात्र वाटले, एवढ्यात घर आले तर चेहरा सारखा करायलाही वेळ मिळायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी सासूची, यशोदाबाईंची, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांचे अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे सगळे कमलाक्षीकडे. माहेरी गेली तरी ती रात्रीच्या आत परत येई. लिस्बनहून लेकीने तिकीट पाठवले, तेव्हा ती नाहीच म्हणाली होती. पण थोरली जाऊ जानकी डिचोलीहून आपणहून आली. दोन महिन्यांचा तर प्रश्न, तू जा, म्हणाली. जानकीचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. ती मुलाकडे राहायची.

लिस्बनला कमलाक्षीने बघण्यासारखे फारसे काही पाहिले नाही. लेक आणि जावई कामाला गेले की ती एकटीच उतार उतरून जाई, पाव घेई आणि नदीकाठच्या बाकावर बसे. पावाला तिथेही पावच म्हणत. बाकावर तासन्‌तास बसले तरी कोणी हाक मारीत नसे. दुसरा महिना संपत आला, तसा तिने घरी फोन करून सांगितले, तिकीट मिळत नाही, आणखी महिना लागेल. लेकीने तिच्याकडे नुसते पाहिले. फोनवर जानकी म्हणाली होती, "रव गो तू. माका काय एक घाई नाय." तो शब्द कमलाक्षीला टोमण्यासारखा लागला होता. राहिलेला सगळा महिना तो तिच्याबरोबर बाकावर बसून होता.

गाडी अंगणात थांबली. काजूच्या बोंडांचा आंबूस वास घरापर्यंत आला होता. चप्पल काढून ती थेट सासूच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. खाट भिंतीपासून हलवून खिडकीशी लावली होती. सासूचे केस विंचरलेले, मऊ कापडाची चोळी अंगात. इतक्या वर्षांत खाट हलवायचे आपल्या मनातही आले नव्हते.

"कमल? इलंस?" सासूने डाव्या हाताने तिचा हात चाचपला. मग दाराकडे पाहत विचारले, "जानकी खंय गेली?"

जानकी चहा घेऊन आली. औषधांच्या वेळा, तांदळाची पेज किती पातळ, कुठल्या कुशीवर जास्त वेळ ठेवायचे नाही, सारे तिने नीट समजावले. बोलताना तिने कमलाक्षीकडे पाहिले नाही. गोपाळ, म्हणजे तिचा मुलगा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला येणार होता.

दुपारी जेवणे झाल्यावर कमलाक्षी माजघरात आली, तर जानकी कपडे भरत बसली होती. पिशवी लहान, लुगडी चारच. पण जानकीने एक घडी घातली, पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली, मोडली आणि नव्याने घातली. कमलाक्षी तिच्यासमोर बसली. 

"आवय रात्री हाक मारता," जानकी सासूच्या खोलीकडे पाहत म्हणाली. "पयले दिवस माका कंटाळो येय. आता हाक इली नाय तर झोप लागत नाय."

मग ती हळूहळू सांगत गेली. डिचोलीचा फ्लॅट छान आहे. मुलगा, सून दोघेही चांगली आहेत. सकाळी आठला जातात, सातला येतात. दाराला आपोआप लागणारे कुलूप आहे. सून जाताना जेवणाचा डबा झाकून ठेवते, आपल्याला काही करू देत नाही.

"तू महिनो वाढवलंस मां," जानकी घडीवरून हात फिरवत म्हणाली, "त्या दिवशी मी देवाकडे दिवो लावलंय."

कमलाक्षीने तिच्या मांडीवरचे लुगडे हळूच काढून घेतले.  तिकिटाचे खरे सांगून टाकावे असे तिला वाटले, पण ते तिला जमले नाही.

दुसऱ्या दिवशी गोपाळ उजेड असतानाच आला. जानकी तोंड धुऊन, केस बांधून तयार होती. कमलाक्षी ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिली, पुतण्याला पाहून उठलीही नाही. विमानात बसून बसून आपली कंबर धरली आहे, ती म्हणाली. सासूला उचलता येत नाही. काजूचा हंगाम संपेपर्यंत तरी तुझ्या आईला इथे ठेवशील का?

मधुकरने बायकोकडे पाहिले. सकाळीच तिने विहिरीवरून दोन घागरी आणल्या होत्या. तो खांबाला टेकून उभा राहिला.

गोपाळ म्हणाला, आईला विचारतो. जानकी पिशवी हातात धरून दारात उभी होती. तिने मुलाकडे पाहिले, मग जावेकडे.

"तुझी काकी म्हणता तर रवतंय चार दिवस," ती म्हणाली.

गोपाळ चहा पिऊन गेला. गाडी वळणाआड झाली, तशी जानकी पिशवी खाली ठेवून ओसरीवर टेकली. तेवढ्यात आतून हाक आली, कोणाचेच नाव नसलेली. दोघी एकदम उठल्या.

जानकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बस," ती म्हणाली. "तुझी कंबर धरल्या."

कमलाक्षी खाली बसली. आतून जानकीचा आवाज आला, आणि त्यामागून सासूचे बारीक, तुटक हसू. तिने ते थोडा वेळ ऐकले. मग ती उठली आणि आत गेली.