अर्ध्यावर अर्धा आवाज

बाबा गेल्यानंतर सतराव्या दिवशी मी कामावर परतले, तर माझी पट्टी कोणीतरी बदलून ठेवली होती.

आम्ही श्रवणयंत्राचं अ‍ॅप बनवतो. पडद्यावर स्लायडर, म्हणजे एक आडवी पट्टी. तिच्यावरची गोळी सरकवली की कानातला आवाज कमीजास्त होतो. मी ती लॉग मापाने केली होती. प्रत्येक पावलाला आवाज ठरावीक पटीने वाढायचा, कारण कान पटीतच ऐकतो. आता ती सरळ मापाची होती. प्रत्येक पावलाला सारखीच भर. पहिल्यावरून दुसऱ्या पावलावर जाताच आवाज दुप्पट, आणि शेवटी काही फरकच कळत नाही.

"अर्ध्यावर अर्धा आवाज. लोकांना समजतं," साहेब म्हणाले. "तुमच्या पट्टीत तर शून्यच नव्हतं."

"पटीने कमी करत गेलं तर शून्य येत नाही, साहेब. त्यासाठी शेजारी बंद करायचं बटण दिलंय."

"झाला गणिताचा तास सुरू," शेजारी बसून तपासणी करणारी टेस्टर पुटपुटली.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. आवाजासाठी कुणी सरळ मापाचं बटण जोडलेलं दिसलं की म्हणायचे, "यानं नळाला तोटीऐवजी दार बसवलंय." शेवटच्या वर्षी त्यांच्या कानातल्या यंत्राचं अ‍ॅप, दुसऱ्या कंपनीचं, तसंच निघालं. हात थरथरायचा, बोट केसभर सरकायचं आणि कानात किंकाळी. त्यांनी यंत्र डबीत ठेवून दिलं. आई बोलत राहायची, ते अंदाजाने मान हलवत राहायचे.

मी साहेबांच्या कानांवर हेडफोन चढवले. "पट्टी सरकवून आवाज कुजबुजीइतका करा. हात टेबलाला न टेकता."

दुसऱ्याच प्रयत्नाला त्यांनी दचकून हेडफोन उतरवले. "सवयीने जमेल. उद्या हे लोकांपर्यंत जायलाच हवं. मंजुरी द्या."

"मिळणार नाही."

"हे तुम्ही दुःखात बोलताय."

"हो. आणि बरोबर बोलतेय."

काहीही बाहेर जायला माझी आणि टेस्टरची, दोघींची मंजुरी लागते. मंजुरीच्या रकान्यात मी 'नामंजूर' लिहिलं. कारण: थरथरत्या हाताने एकदाही तपासलेलं नाही. खाली पूर्ण नाव.

टेस्टरने खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड स्वतःकडे घेतला आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव टाइप केलं.

"आता दोघींच्या जागी माणसं शोधा, साहेब," ती म्हणाली. "तोवर उद्याचा परवा होईल."