पाठीवरचे हूक

"हूक पाठीला हवेत," दिग्दर्शक टोरबेन म्हणाला. "बगलेखाली लावायला कोणी सांगितलं तुला, गुडरून?"

"कोणी नाही. मीच लावले."

कोपनहेगनजवळच्या त्या स्टुडिओत गुडरून चाळीस वर्षं कपडे शिवत आली होती. हा सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराचा होता. जगाच्या लेखी पुरुष, आतून बाई. आजच्या प्रसंगात तो बंद खोलीत, बायकोच्या नकळत, पहिल्यांदाच बाईचा पोशाख घालणार होता. त्याचं काम करणारा आस्गर हिरव्या रेशमात अवघडून उभा होता.

"अरे, तो एकटा आहे ना खोलीत? मग पाठीचे हूक कोण लावून देणार त्याला?"

"अगं बाई, लोक काय हूक तपासायला येतात? मला त्याच्या पाठीवर पोशाख मिटताना दिसायला हवाय."

"चोरून घालणारा आधी तेच बघतो. आपला आपल्याला काढता येईल ना, ते."

"तुला गं काय ठाऊक चोरून घालणाऱ्यांचं?"

सगळे हसले. टोरबेन मनाचा वाईट नव्हता, पण कुणाची फिरकी घेतल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

उत्तर गुडरूनच्या ओठांवर आलं होतं. एस्बियर्ग गावातल्या घरात, माळ्यावर, एकोणीस वर्षांच्या बोर्गेने बहिणीचा ड्रेस घातला होता. पाठीचे दोन हूक कसेबसे लागले, मग काही केल्या निघेनात. तेवढ्यात जिन्यावर बापाचे बूट वाजले. त्या दिवसापासून बोर्गेला घर उरलं नाही. पुढे त्याची गुडरून झाली, आणि इथे कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. आज तोंड उघडलं असतं, तर उद्यापासून सगळ्यांनी तिच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं असतं.

"मला काय ठाऊक असणार," ती म्हणाली. स्वतःचीच शरम वाटली तिला.

तासाभरात तिने हूक उसवून पाठीला लावले. कॅमेरा सुरू झाला आणि आस्गरचे हात मागे चाचपडू लागले.

"नाही जमत रे," तो कुरकुरला. "वरचा एक लागतोय, बाकीच्यांपर्यंत हातच पोचत नाही."

"गुडरून, त्याच्या मागे खाली बस आणि कंबरेचे तू लाव," टोरबेन म्हणाला. "कॅमेरा कंबरेच्या वरच आहे, फक्त दिसू नकोस."

ती जमिनीवर बसली. गुडघे ठणकत होते.

"डोकं येतंय तुझं. अजून खाली."

ती आणखी वाकली. अंदाजानेच एकेक हूक लावत गेली. वर आस्गर, खोलीत अगदी एकटा, हुंदके देऊ लागला. गुडरूनने श्वास रोखून धरला.