नवव्या प्रश्नावरचा तडा

माझी काच फुटली आहे, वाचा शाबूत आहे, म्हणून सांगतो. मी दवाखान्याच्या काउंटरवरचा टॅब.

डॉक्टरबाईंनी मला आणलं ते लोकांच्या मनाची चौकशी करायला. पेशंट बाहेर बसल्या बसल्या माझ्या नऊ प्रश्नांची उत्तरं देतो. झोप लागते का, भूक लागते का, असं करत नवव्याला मी सरळ विचारतो, मरून जावंसं वाटतं का? 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही दाबून पाठवलं, की आत बाईंच्या संगणकावर लाल खूण येते. मग त्या हातातलं काम टाकून त्या माणसाला आत घेतात.

घोडं तिथेच अडायचं. लाल खूण आली की रांग तासभर खोळंबणार आणि लोक काउंटरवरच्या ताईंच्या अंगावर येणार. ताई मनाच्या वाईट नाहीत. पण नववा प्रश्न आला की स्वतःच बोट पुढे करून 'कधीच नाही' दाबायच्या. "सगळ्यांचं तेच असतं हो, चला पुढे." मी नुसता चडफडायचो.

त्या सकाळी कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारा एक जण आला. सोबत थोरला भाऊ. उजव्या हाताला महिन्यातलं तिसरं बँडेज, तेही दर वेळी बाहेरच्या बाहेर कंपाउंडरनेच बांधलेलं. "दारात सापडला हात," भाऊ म्हणाला. दार भलतंच खुनशी असावं.

डाव्या हाताने त्याने एकेक उत्तर दिलं. नवव्याला दाबलं, 'रोज'. ताईंचं बोट आलंच. "चुकून दाबलंत वाटतं."

"चुकून नाही!" त्याने मला उचललं आणि काउंटरवर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खुर्ची भिरकावली, वजनकाटा उलटला, मुलं किंचाळली. भावाने खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. त्याने भावाचं नाक फोडलं. कंपाउंडर आणि दोन पेशंट पाठीवर बसले तेव्हा कुठे तो जमिनीवर आला.

"पोलिसांना बोलवा!" कोणीतरी ओरडलं.

मी त्याच्या तोंडापुढेच पडलो होतो. अंगभर तडे गेले होते, पण स्पर्श कळत होता. मला एकच धास्ती, याला गाडीत कोंबतील आणि ते उत्तर माझ्याच पोटात राहील. त्याने कसाबसा अंगठा पुढे सरकवला. काचेने तो चिरला. तशाच रक्ताळल्या अंगठ्याने त्याने पुन्हा 'रोज' दाबलं. मग 'पाठवा'.

दार उघडून डॉक्टरबाई आल्या आणि फरशीवरच बसल्या. "उठा त्याच्या अंगावरून." मग त्याला विचारलं, "रोज?"

"रोज," म्हणत तो ढसाढसा रडला.

भाऊ नाकाचं रक्त पुसत म्हणाला, "बाई, दारात नव्हता सापडला. भिंतीवर आपटून घेतो हा. लोक काय म्हणतील म्हणून मीच खोटं बोललो."

आता तो दर आठवड्याला येतो. मी चिकटपट्टीवर तगून आहे. माझं मागणं एवढंच, विचारायचं काम माझं. उत्तर ज्याचं त्याला देऊ द्या.

काल नवव्यापाशी तो बराच वेळ थांबला. रांगेतून कुरकुर सुरू झाली. ताईंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "थांबा की जरा! उत्तर देतोय तो."

त्याने 'कधीकधी' दाबलं. मग 'पाठवा'. लगेच आतलं दार उघडलं.