सुरजची जीप

"पटायचं न्हाई तुमाला ताई, म्हनून मी कुनाला सांगतच न्हाई," असं म्हणत कुशाबानं सांगायला घेतलं. वाडीत रेंज नाही, रेंज येते ती वर पठारावर. मग कुशाबानं केलं काय, तर मोबाईल फडक्यात गुंडाळून म्हशीच्या शिंगाला बांधला. म्हैस रोज पठारावर चरायला जाते. फोन वाजला की रेकते. एकदा रेकली तर पाव्हण्याचा, दोनदा रेकली तर बँकेचा.

"दोनदा रेकली तर बँकेचा," मृण्मयी शांतपणे म्हणाली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

कुशाबा चपापला. थापा मारण्यात त्याची हयात गेली होती, पण असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. कोळवणच्या एसटी थांब्यावर तिसऱ्या वाक्याला कुणीतरी "बास कर की म्हाताऱ्या" म्हणायचंच. ही पोरगी हसेना की अडवेना. मान हलवायची, आपलेच शेवटचे शब्द आपल्याला परत द्यायची आणि गप्प बसायची. समोरचा गप्प बसला की जीभ सैल सुटते; रिकामं ताट दिसल्यावर वाढपी थांबतो थोडाच!

मृण्मयी बावधनच्या एका कंपनीतून आली होती. दुखण्याखुपण्याला दवाखान्यात न्यायला कंपनी एक गाडी ठेवणार होती, ड्रायव्हरसकट, वाडीतच. गाडी एक आणि वाड्या दोन. गरज कुणाला जास्त, हे लोकांचं ऐकून ठरायचं होतं. खालच्या वाडीनं काल तासभर रडून घेतलं होतं. वरच्या वाडीनं कुशाबाला पुढं केलं, कारण बोलणारा तोच. शेजारची गंगूबाई सकाळीच बजावून गेली होती, "भावजी, आजच्या दीस तेवढं खरं बोला. माजी सोनम आठव्या म्हयन्यात हाय." आणि तेवढ्यानं भरवसा वाटेना म्हणून सूप घेऊन त्याच्याच ओसरीच्या कडेला तांदूळ पाखडत बसली होती.

"आजोबा," मृण्मयीनं विचारलं, "शेवटचं कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली होती? त्या दिवशी काय काय झालं, ते सगळं सांगा."

सूप थांबलं.

शेवटची वेळ भाद्रपदातली, कुशाबाच्या बायकोची, गोजराबाईची. त्या दिवशी कुशाबा भर पावसात तीनदा पठारावर चढला आणि तीनदा त्यानं पोराला फोन लावला. सुरज पिरंगुटला एका कारखान्याची जीप चालवतो. फोन वाजून वाजून बंद झाला, तिन्ही वेळा. गोजराबाई गेली. दहाव्याला आलेला सुरज म्हणाला, "सायलेंटवर हुता." वाडीला हे सगळं माहीत होतं, पण कुशाबापुढं कुणी बोलत नव्हतं.

त्यानं मृण्मयीच्या फोनकडं बोट केलं. त्यावर त्याचा आवाज भरला जात होता. "ताई, ह्ये कोन ऐकनार?"

"आमचे सगळे लोक. बावधनला."

बावधनची कंपनी पिरंगुटच्या कारखान्याला ओळखत असणार, हे कुशाबाचं गणित. खरं सांगितलं तर गाडी वाडीत येईल. आणि त्या फोनमध्ये पोराचं नाव कायमचं बसेल, आईच्या वेळी न आलेला म्हणून.

"घाई नाही, आजोबा," मृण्मयी म्हणाली.

"तव्यावर भाकर हुती," कुशाबा म्हणाला. हे खरं होतं. "गोजरा म्हनली, छातीव कुनीतरी उखळ ठिवलंय." हेही खरं होतं.

"छातीवर उखळ," मृण्मयी हळूच म्हणाली.

गंगूबाईनं मान वर केली.

"मग मी सुरजला फोन लावला."

"मग?"

कुशाबानं टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, परत घातली. पोरगी वाट बघत होती. इतकं मन लावून गोजरा सोडली तर त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"मग काय! आला की! अर्ध्या तासात जीप दारात. मागं गादी टाकून आनली हुती पट्ठ्यानं. आईला लेकरावानी उचलली. पौडाला डागदर दारात हुबा. आता तिचं भरलंच हुतं, त्याला कोन काय करनार? पर पोराच्या मांडीव गेली, ताई. असा ल्योक हाय माजा. जीप म्हनाल तर रातीबेराती हाजर."

"अर्ध्या तासात जीप," मृण्मयीनं म्हटलं. म्हणता म्हणता लिहिलंही. पेन अडखळलं नाही. कुशाबा त्या पेनाकडं बघत राहिला. ते अडखळावं असं त्याला वाटलं की अडखळू नये असं, त्याचं त्यालाच ठाऊक.

"म्हणजे या वाडीला अडचणीला गाडी मिळते," ती म्हणाली. "खूप मोकळेपणानं बोललात, आजोबा." आणि तिनं फोन बंद करायला हात पुढं केला.

सूप आपटलं. तांदूळ ओसरीभर पसरले.

"थांब गं बाई, बंद करू नगंस," गंगूबाई म्हणाली. "खोटं बोलतोय ह्यो! सुरज आला न्हाई. फोनच उचलला न्हाई त्यानं. घोंगड्याच्या झोळीत घालून न्हेली गोजराला, वढ्यापातुर गेली न्हाई तर जीव सोडला तिनं. बांबूचं फुडलं टोक माज्या लेकाच्या खांद्याव हुतं, आनि मागलं ह्येच्या."