वजाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. नुसतं नाव सांगून तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून पत्ता सांगते. एका लाल स्पोर्ट्‌स गाडीच्या स्टिअरिंगमागे, डाव्या हाताला, मी राहते. गाडीवाले मला पॅडल म्हणतात. माझ्या अंगावर वजाची खूण कोरलेली आहे. उजव्या बाजूला माझी जुळी बहीण आहे, तिच्यावर अधिकाची खूण आहे. तिला ओढलं की गिअर एकाने वर चढतो, मला ओढलं की एकाने खाली उतरतो. गिअर खाली उतरला की इंजिन गाडीला मागे खेचून धरतं आणि बिचाऱ्या ब्रेकला विसावा मिळतो. एवढंच माझं काम.

आणि तेवढंही मला कोणी करू दिलं नाही!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला कापलं, घासलं, काळा रंग दिला. मग एका यंत्राने मला हजारो वेळा ओढून पाहिलं. मी एकदाही अडले नाही. तिथल्या बाईंनी माझ्यावर पसंतीचा शिक्का मारला तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला आयुष्यभर उसंत मिळणार नाही. त्या यंत्राने एका दिवसात मला जितकं ओढलं, तितकं पुढच्या सात वर्षांत कोणी ओढलं नाही.

गाडीचे पहिले मालक पुण्याचे एक डॉक्टर होते. ते शहराबाहेर क्वचितच पडत. चार वर्षं मी सिग्नलवर उभी राहून काढली. मग इंद्रजितने ती गाडी घेतली.

इंद्रजित मार्गासनीचा. घरची भातशेती होती, पण त्याने पानशेतला धरणाच्या कडेला हॉटेल काढलं होतं. रोज सकाळी मार्गासनीहून निघायचं, पाबे घाट ओलांडायचा आणि पलीकडे पानशेतला उतरायचं. घाटाचं नाव ऐकलं आणि मला वाटलं, आपले दिवस आले. चढ, उतार, वळणं. पट्टीला आणखी काय हवं?

पण इंद्रजितचा एकच मंत्र होता. "आटोमॅटिक हाय, सगळं गाडीच बगती." घाटमाथा आला की तो गाडी सुसाट सोडायचा आणि प्रत्येक वळणावर ब्रेकवर उभा राहायचा. खालून ब्रेक कण्हायचे. त्याची बोटं माझ्यापासून दोन इंचांवर, आणि मी नुसती बघत बसायची. तुमच्या समोर कोणी उलटी चप्पल घालून ठेचकाळत चाललं आहे आणि तुम्हाला तोंड उघडता येत नाही, असं कधी झालंय का तुमचं? माझं रोज व्हायचं.

त्याचे वडील कोंडिबा आप्पा कधी कधी बरोबर असायचे. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी घाटातून गाडी चालवली आणि एकाही माणसाला ओरखडा येऊ दिला नाही. डाव्या सीटवर बसून ते उतारावर पाय आखडून घ्यायचे.

"इंद्या, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरावं. बिरेक तापत्यात."

"आप्पा, ही काय तुमची एसटी हाय व्हय? हिला गिअरच न्हाईत."

आप्पा खिडकीबाहेर बघायचे. माझा संताप संताप व्हायचा. आहेत की रे गिअर! आठ आहेत!

चार महिन्यांत दुसऱ्यांदा ब्रेकचे पॅड संपले, तेव्हा गाडी भोरला याकूबभाईंच्या गॅरेजवर गेली. याकूबभाईंनी झिजलेले पॅड हातावर घेतले आणि मान हलवली.

"इंद्रजितभाऊ, कागदावानी झालेत. घाटात पॅडल वापरत न्हाई का तुमी?"

इंद्रजित मोबाईलवर बोलत बाहेर गेला. आप्पा मात्र तिथेच उभे होते.

"कसलं पॅडल?" त्यांनी विचारलं.

याकूबभाईंनी त्यांना स्टिअरिंगपुढे बसवलं आणि त्यांचं बोट धरून माझ्यावर ठेवलं. "ही डावी वडली की एक गिअर खाली. पुन्ना वडली की आणखी एक. वेग लईच असला तर गाडी ऐकत न्हाई, पीं करती. मग दम धरायचा आन् पुन्ना वडायची."

"म्हंजी हिला गिअर हाईत?"

"हाईत की आप्पा!"

आप्पांनी मला दोनदा, तीनदा ओढलं. जाड, घट्टे पडलेलं बोट, पण ओढणं किती हलकं! त्या बोटाला माहीत होतं की यंत्राशी धसमुसळेपणा करायचा नसतो. परतीच्या वाटेवर आप्पांनी मुलाला सांगायचा प्रयत्न केला. इंद्रजित म्हणाला, "ते शर्यतीवाल्यांसाठी असतंय, आप्पा."

मग तो रविवार आला. हॉटेलवर सकाळपासून गर्दी होती. इंद्रजितची बायको सुलक्षणा एकटी किती ठिकाणी पुरणार? तिचा फोन आला. "अहो, लोकं ताटकळल्यात. कुठवर आलाय?" घाटमाथ्यावरून इंद्रजितने गाडी सोडली. आप्पा शेजारी होते. पहिल्या तीन वळणांवर ब्रेक करकचून लागले. चौथ्यावर जळका वास आला. पाचव्यावर त्याचा पाय खोल गेला आणि गाडी तशीच धावत राहिली.

"आप्पा, बिरेक लागंना!"

पुढे खाली, उताराच्या टोकाला, एसटी उभी होती. बायका पाट्या डोक्यावर घेऊन उतरत होत्या. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहून पदर सावरत होती.

मी इथे आहे! मी ओरडत होते, पण धातूला आवाज कुठला? इंद्रजितची दहाही बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. त्यातलं एकही माझ्याकडे वळेना.

तेवढ्यात डावीकडून एक हात आला. आप्पा सीटच्या पट्ट्यातून पुढे ओणवे झाले होते. त्यांनी मला ओढलं. सहावा, पाचवा. इंजिन गुरगुरलं. पुन्हा ओढलं तर गाडी "पीं" म्हणाली, ऐकली नाही. मग वळण आलं, स्टिअरिंग फिरलं आणि त्याच्याबरोबर मीही वर गेले. आप्पांचा हात हवेत चाचपडला. त्या क्षणी मी स्वतःच्या जन्माला दूषणं दिली. चाकाबरोबर फिरणारी जात माझी, धरणाऱ्याच्या हातातून निसटणारी!

"हात सरळ कर! सरळ!" आप्पा गरजले.

चाक सरळ झालं. बोट मला सापडलं. चौथा. तिसरा. इंजिन असं ओरडलं की एसटीतली माणसं वळून बघू लागली. दुसरा. गाडीला कोणीतरी कासऱ्याने मागे खेचल्यासारखा झटका बसला.

"आता चरीत घाल. डोंगराकडनं."

डावी चाकं मुरमात रुतली, गाडी खरडत गेली आणि एसटीपासून दहा पावलांवर थांबली. म्हातारी अजून तिथेच होती. पदर तिच्या हातातच राहिला होता.

एसटीचा ड्रायव्हर धावत आला. "काय झालं वो?"

"बिरेक गेलं," इंद्रजित धापा टाकत म्हणाला. "पर म्या गिअर टाकून आणली कंट्रोलमदी."

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं असेल! मी आप्पांकडे पाहिलं. ते खाली वाकून, पडलेली टोपी शोधत होते. त्यांनी ती झटकली, डोक्यावर ठेवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

पुढे महिनाभर मी ती खोटी गोष्ट ऐकली. याकूबभाईंनी ब्रेक दुरुस्त केले. इंद्रजित मात्र हॉटेलपुढे गाडी उभी करून, दार उघडं टाकून गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून सांगायचा. सांगताना मला टिचकी मारायचा. टिचकी! घाटात पुन्हा पाय ब्रेकवरच. माझ्याकडे बघायची त्याला लाज वाटत असावी.

एका दुपारी पुण्याहून एक जोडपं आलं. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर तान्हं मूल होतं. त्यांचीही गाडी ऑटोमॅटिक होती. पहिल्यांदाच पाबे घाटाने वेल्ह्याला निघाले होते. इंद्रजितने नेहमीसारखी गोष्ट रंगवली. ती बाई, सोनिया तिचं नाव, नुसती वाहवा करून गेली नाही. ती वाकून मला न्याहाळू लागली.

"आमच्या गाडीत पण आहे ही. पण नेमकी कधी ओढायची? किती वेगात? आणि ती नाही म्हणाली तर काय करायचं?"

इंद्रजितने टिचकीसाठी उचललेलं बोट मागे घेतलं. त्याने मूल पाहिलं. मग हॉटेलच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या वडिलांकडे पाहिलं.

"मला ठाव न्हाई, ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी म्या न्हाई वडली. आमच्या आप्पांनी वडली. मी निस्ता घाबरून बसलोवतो. तुमी त्यांना इचारा."

सुलक्षणा हातातला झारा तसाच धरून दारात उभी राहिली. आप्पांनी लसणाची सालं झटकली, हळूहळू आले आणि स्टिअरिंगपुढे बसले.

"हे बगा, पोरी," ते म्हणाले, "उतार लागायच्या आदी वडायची. गाडी पळाय लागल्यावर न्हाई. आन् गाडी न्हाई म्हनली, तर घाबरायचं न्हाई. वाईच बिरेक दाबायचा, सोडायचा, पुन्ना वडायची." अर्धा तास ते शिकवत होते. सोनिया प्रत्येक गोष्ट स्वतः करून बघत होती. तिच्यामागे इंद्रजित उभा होता. तोही ऐकत होता.

त्या संध्याकाळी घरी जाताना इंद्रजित डाव्या सीटवर बसला. घाटमाथ्यावरून उतरताना आप्पांनी मला अकरा वेळा ओढलं. मी मोजलं. ब्रेकचा वास आला नाही.

आता इंद्रजितही मला वापरतो. कधी विसरतो, तेव्हा मी अजून चिडते. रस्त्याने जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत माझ्या बहिणी धूळ खात बसलेल्या दिसतात, तेव्हाही चिडते. मित्रांनो, एवढं मात्र करा. तुमच्या हाताशी जी वस्तू आहे, ती कशासाठी आहे हे कुणालातरी विचारा. ज्याला ठाऊक आहे तो बहुधा तुमच्या शेजारीच बसलेला असतो. त्याने तोंड उघडायची वाट बघू नका, कारण दोनदा गप्प केलेलं माणूस तिसऱ्यांदा बोलत नाही.