हस्तिदंती

"हा रंग कोणी लावला?"

मटार सोलता सोलता तिने मान वर केली. नवरा खिडकीपाशी टेबलाशी बसला होता. हातात प्लॅस्टिकचा छोटा जर्मन रणगाडा, महायुद्धातल्या खऱ्या रणगाड्याची हुबेहूब प्रतिकृती. त्याचा तोफेचा घुमट उचलून बाजूला ठेवलेला. नवरा एकदा डाव्या डोळ्यावर हात ठेवून आत डोकावत होता, एकदा उजव्या.

"घरात तुमच्याशिवाय रंगारी कोण आहे?" ती म्हणाली.

"जुन्या डोळ्यानं बघितलं की हस्तिदंती दिसतो. नव्या डोळ्यानं बघितलं की पांढरा फटक! चुना फासल्यासारखा."

एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, पट्टी कालच सुटली होती. ऑपरेशन नीट होईल ना, म्हणून बायका धास्तावतात. ही नीट होईल म्हणून धास्तावली होती.

त्याचा उभा जन्म कापडगिरणीच्या रंगखात्यात गेला. गिरणीत त्याला 'डोळा' म्हणत. 'डोळ्याला दाखवलंत का?' असं विचारल्याशिवाय रंगवलेल्या कापडाचा तागा बाहेर पडत नसे. निवृत्त झाला आणि वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला. सकाळचंच वर्तमानपत्र संध्याकाळी पुन्हा वाचायचा. शेवटी त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, रणगाड्याच्या सुट्या भागांचं एक खोकं घेऊन आला आणि माणूस पुन्हा माणसात आला.

मग गिरणीतला हट्ट इकडे वळला. जुने फोटो, जाडजूड पुस्तकं, भिंगं. येईल त्याला ऐकवायचा, "तळ तांबडा, वरच्या भिंती हस्तिदंती. पण झाकणाच्या आतल्या अंगाला बाहेरचाच रंग. नाहीतर झाकण उघडलं की शत्रूला लांबून पांढरं चमकायचं."

"घुमट बसवला की आत कोण बघतंय?" ती विचारायची.

"आत कोंडलेली माणसं बघत होती की. फिका रंग त्यांच्यासाठी. तेवढाच उजेड."

पुढे त्याला बाटलीतला हस्तिदंती फारच पिवळा वाटू लागला. "कंपनीनं वाट लावली रंगाची," म्हणत तो थेंबथेंब पांढरा मिसळायचा आणि बशी तिच्यापुढे धरायचा. "बघ गं, जमला?"

"जमला," ती म्हणायची.

आता त्याने रणगाडा खाली ठेवला. "तुला दिसत होतं?"

तिने हातातली शेंग ताटात टाकली. "दिसत होतं."

"कधीपासून?"

"त्या फळीवरचे सगळे रणगाडे तसेच आहेत."

"आणि मी विचारत होतो, तेव्हा तू खुशाल जमला म्हणत होतीस! गिरणीत कोणी असं केलं असतं, तर त्याला मी दारात उभं केलं नसतं."

"मी गिरणीत नव्हते, घरात होते," ती म्हणाली. "तुमच्या हातातला ब्रश सुटला असता, तर पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसला असता. ते बघायची ताकद माझ्यात नव्हती."

त्याने घुमट जागेवर बसवला. ब्रश धुतले, पुसले आणि डब्यात घालून डबा कपाटात ठेवला. जेवताना मीठ हवं होतं, तेही त्याने स्वतः उठून घेतलं. ज्याला भीत होते तेच पुढ्यात आलं, असं तिला वाटलं.

दुपारी त्याने दातांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर संध्याकाळी रणगाडा प्रदर्शनासाठी न्यायला येणार होता.

"आज येऊ नकोस. आतला रंग चुकलाय... तुला नसेल दिसला. जन्मभर लोकांचे पिवळे दात बघितलेस, तुला पांढरं बरंच वाटणार!" पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "नाही रे, बाटलीचा काही दोष नव्हता. माझाच. मोतीबिंदूतून सगळंच पिवळं दिसत होतं."

फोन ठेवून तो उठला. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती स्वयंपाकघरातच उभी राहिली.

"इकडे ये. खिडकीशी बस."

"मी?"

"माझ्या दोन डोळ्यांचं आपसात पटत नाहीये. तिसरा साक्षीदार पाहिजे."

ती पदरानेच हात पुसत येऊन बसली. त्याने बशीत पांढरा मिसळून उरलेला तोच रंग ओतला, पिवळ्याचा एक थेंब टाकला, घोटला आणि बशी तिच्याकडे सरकवली. "जमला?"

जिभेवर आलेला शब्द तिने गिळला. बशी उचलून उजेडात धरली. "नाही."

"काय कमी आहे?"

"पिवळा. जरा मोतियाकडे झुकायला हवा."

"मोतिया हा कापडाचा रंग," तो खेकसला, आणि अजून एक थेंब टाकला. "आता?"

"अजून नाही."

त्याने पुन्हा पिवळ्यात ब्रश बुडवला. बशीकडे तो बघतच नव्हता. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता.